हाक मारू नको

राधाबाईंना सहलीला यायचंच नव्हतं. मीच त्यांना ओढत नेलं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझं नाक वर राहील असं काही नाही.

राधाबाई आचऱ्याजवळच्या आमच्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवतात. वीसएक वर्षं झाली. हाताला चव आहे, पण घाबरटपणा विचारू नका. पोर झाडावर चढलं की यांच्या छातीत धडधड, विहिरीकडे वळलं की यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी इन्सुलीची, हायवेवरच्या गावातली. पाच वर्षांपूर्वी इथे बदलून आले. मला या सगळ्याचा भयंकर वैताग यायचा. जन्म समुद्राकाठी गेला आणि एवढी भित्री बाई कशी, असं मी चारचौघांत बोललेही होते.

पहिली-दुसरीची सतरा मुलं विजयदुर्गला न्यायची ठरली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, किल्लो चित्रात दाखवा. ल्हान पोरां ती."

"चित्रात बघून काय कळणार त्यांना? आणि एवढी काळजी वाटते ना, मग तुम्हीच चला सोबत," मी म्हटलं. आणि त्या आल्या.

तीनच्या सुमारास आम्ही किल्ल्यात शिरलो. कुठे धोका आहे ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पाण्याचं टाकं, अंधारी वाट, तटाची कड. वरच्या वाडीतल्या, काजूच्या बागांत वाढलेल्या मुलांना मी हाताशी धरलं, कारण एवढा समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. किनाऱ्यावरच्या घरांतली मुलं मोकळी सोडली. ती पाण्यातच वाढलेली, त्यांना काय होणार आहे? माझी अक्कल तिथेच शेण खायला गेली होती.

साडेचारला चुरमुऱ्याचे लाडू वाटले. सतरा मोजून आणले होते, एक उरला.

संचिता नव्हती. सहा वर्षांची, मच्छीमाराच्या घरची, कुणाच्या अध्यात न मध्यात. गाडीचा ड्रायव्हर परशुराम, त्याला मुलांपाशी बसवलं आणि मी धावत सुटले. टाक्यात वाकून पाहिलं. हिरवं पाणी, काही दिसेना. अंधाऱ्या वाटेत शिरून हाका मारल्या, तर माझाच आवाज परत येत होता. तिच्या आईला मी काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. सकाळी तिने माझ्या हातात हात दिला होता मुलीचा.

परत आले तर राधाबाई जागच्या हललेल्या नव्हत्या. समुद्राकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मला असा संताप आला.

"आज तेरस," त्या म्हणाल्या. "साडेतीनाक सुकती सरली."

ओहोटी संपून तासभर झाला, पाणी चढतंय, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत त्या तटाच्या पडक्या बाजूकडे चालू लागल्या होत्या. मी मागोमाग पळाले.

खाली खडकांत संचिता उकिडवी बसली होती. चमच्याच्या दांड्याने दगडाला चिकटलेली कालवं काढून डब्यात टाकत होती. मोठी ओहोटी लागली की तिच्या घरच्या साऱ्या बायका कोयत्या घेऊन खडकांत उतरतात. उघडे पडलेले दगड पाहून पोर घरचं काम करायला गेली होती. खोडी अशी नव्हतीच ती. आणि तिच्या नि आमच्यामध्ये एक घळ होती. पोर उतरली तेव्हा घळ कोरडी असणार. आता तिच्यातून फेसाळ पाणी जोरात आत शिरत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

मी हाक मारायला तोंड उघडलं. राधाबाईंनी हाताने ते गच्च दाबून धरलं.

"हाक मारू नको. तां सरळ तुज्याकडे येतला."

पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या मला तू म्हणाल्या.

लुगडं खोचून त्या खाली उतरल्या. घळीकडे गेल्याच नाहीत. लांबून, उत्तरेकडच्या उंच दगडांवरून वळसा घालून गेल्या, आणि चक्क खाली बसून दगडाने कालवं फोडायला लागल्या. बाजारात बसल्यासारख्या. मी वरून बघत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की बाई, बसता काय, धरा तिला.

संचिताने वर पाहिलं.

"हंय बग गो," राधाबाई रोजच्या आवाजात म्हणाल्या, "मोठी कालवां आसत. डबो घेवन ये. ह्या वरच्या दगडांवरसून ये."

ती उठली. एका दगडावरून दुसऱ्यावर. मध्येच एक लाट कमरेपर्यंत आली आणि पोर मट्कन खाली बसली. मी माझा हात कडकडून चावला. राधाबाईंनी तेव्हाही हात पुढे केला नाही. "डबो सांबाळ," एवढंच म्हणाल्या. ती उठली, आणखी दोन दगड आली, आणि मग त्यांनी तिचा दंड आणि वेणी एकदमच पकडली.

वर आल्यावर संचिताने मला डबा उघडून दाखवला. "बाई, बारा गावली." मारावं की कवटाळावं मला कळेना. परशुराम तिला इतर मुलांकडे घेऊन गेला.

राधाबाई पायरीवर बसल्या त्या उठेनात. मी पाणी दिलं, त्यातलं अर्धं लुगड्यावर सांडलं.

"हाक मारायची नाही, हे तुम्हाला कसं सुचलं?" मी विचारलं.

"मिया मारलेलंय," त्या म्हणाल्या. "माजो सुशांत. सात वर्सांचो. खाडीत पलीकडच्या दगडार खेळा होतो. पाणी चडताना बगलंय आणि काठावरसून हाक मारलंय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"गुणी होतो गो. माजा, आवशीचा, लय आयकी. हाक आयकली आणि सरळ माज्याकडे निगालो."