तुमच्या हौशीनं

बोरीत लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी छबूबाईला निरोप जातो. रुखवत तिनंच मांडायचं. डाळी, सुपाऱ्या, खारका पुढ्यात ओतल्या की तिच्या हातून तुळशीवृंदावन उभं राहतं, पालखी उभी राहते. माझ्या लग्नात तिनं तांदळाचा मोर केला होता. वऱ्हाडी पंगत सोडून बघायला आले. तिच्या हातावर कुणी काही ठेवत नाही. "छबूबाईला हौस लय," म्हटलं की झालं. नवरा वारल्यावर तिला हळदीला बोलावणं बंद झालं, पण ही एवढी हौस गावानं तिच्याकडं राहू दिली.

तिच्या शिवकन्येला जिंतूरचं स्थळ आलं. मुलाचे वडील दिनकरराव चहा पिता पिता म्हणाले, "आमाला काय नको, इहीणबाई. पोरीला तुमच्या हौशीनं काय द्यायचं ते द्या."

आमच्याकडं या बोलण्याचा अर्थ पाळण्यातल्या पोरीलाही कळतो. छबूबाईलाही कळला. पण तिच्याजवळ गाडी नव्हती, सोनं नव्हतं; हात होते. तिनं चारठाण्याचं देऊळ करायला घेतलं. दालचिनीचे खांब, मुगाच्या पायऱ्या, बदामाचा कळस.

"हे बघितल्यावर मानूस काई बोलायचं न्हाई," मला म्हणाली.

लग्नात दिनकररावांनी देवळाभोवती एक चक्कर मारली. "छान हाय. बाकीचं मागून यायलंय वाटतं?"

पंचमीला शिवकन्या माहेरी आली. न्यायला कुणी आलं नाही. दिवाळीही गेली. छबूबाईनं फोन केला, तर सासू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. हौशीनं ऱ्हाऊ द्या."

परवा मी तिच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा गीताबाई सुपाऱ्यांची पिशवी घेऊन आली. "आमच्या निकिताचं रुखवत करायचंय बाई. तुला तर हौसच हाय."

छबूबाईनं पिशवी ओढून घेतली. एकसारख्या सुपाऱ्या वेगळ्या काढता काढता विचारलं, "पोराकडचे काय म्हनले?"

"लय साधी मानसं. तुमच्या हौशीनं करा, म्हनले."

छबूबाईचा हात थांबला. आत शिवकन्या भाकरी थापत होती, तो आवाजही थांबला. छबूबाईनं निवडलेल्या सुपाऱ्या परत पिशवीत टाकल्या, तोंडाला गाठ मारली.

"गीता, आधी त्यांला इचारून ये. त्यांची हौस केवढी हाय."

गीताबाई खळखळून हसली. "तुझी चेष्टा करायची खोड काई जायची न्हाई," म्हणाली, आणि पिशवी तिथंच ठेवून निघून गेली.