केसरबाईंना खुर्ची देणाऱ्या सुधाताई

सुधाताई गेल्याचा फोन शेजारच्या माथुरांकडे आला तेव्हा मी शाळेत निघायच्या घाईत होते. तीन दिवसांची कावीळ, आणि संपलं... आज त्याला दीड महिना झाला. ज्या शाळेतून त्यांना जावं लागलं, त्याच शाळेने शोकसभा घेतली. सुधाताई किती शांत, किती मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही, असं एकापाठोपाठ एक तिघांनी सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. सुधाताई शांत नव्हत्या. चांगल्या भांडकुदळ होत्या, आणि ज्यांच्याशी त्या भांडल्या तेच आता त्यांच्या फोटोला हार घालत होते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी जयपूरला आलो त्या नवऱ्यांच्या बदल्यांमुळे. त्यांचे यजमान विम्यात, माझे बँकेत. त्या साताऱ्याच्या, मी अकोल्याची. शास्त्री नगरातल्या त्या लहानशा शाळेत त्या सर्वांत धाकट्या मुलांना शिकवायच्या आणि शेजारचा वर्ग माझा. आख्ख्या गल्लीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता, तेव्हाची ही गोष्ट. त्यांचं हिंदी इतकं सातारी होतं की पहिल्या दिवशी मुलं नुसती बघत बसली. त्यांनी त्याचाच फायदा घेतला. "मुझे नहीं आता, तुम बताओ," म्हणत त्या मुलांनाच बोलतं करायच्या. सामाजिक अध्ययन म्हणजे आमच्याकडे भिंतीवरचा एक तक्ता होता, 'हमारे सहायक'. डाकिया, दर्जी म्हणजे शिंपी, बढ़ई म्हणजे सुतार, सफाईवाली. पाच वर्षांचं पोर 'डाकिया पत्र लाता है' घडाघडा म्हणायचं आणि खरा पोस्टमन दारात आला की आईच्या मागे लपायचं.

सुधाताईंनी तक्त्यातली माणसंच वर्गात आणायला सुरुवात केली. दर शनिवारी एक पाहुणा. मुलांनी आधी त्याचं नाव विचारायचं, मग त्याच्या कामातल्या वस्तू हातात घेऊन बघायच्या, मग मनाला येतील ते प्रश्न. "शब्द नुसता कानात घालून राहत नाही गं, मंगल," त्या मला म्हणायच्या, "तो कुणाशी तरी तोंडाने बोलावा लागतो, तेव्हा कुठे आपला होतो." प्रिन्सिपॉलसाहेबांची परवानगी होती, तोंडी, स्टाफरूममध्ये चहा पिताना दिलेली. मी तिथेच बसले होते. दर्जी येऊन गेल्यावर आठवडाभर वर्गात काज, घेर आणि तुरपाई, म्हणजे काठाची हातशिलाई, याशिवाय विषय नव्हता. एका चिमुरडीने खुद्द साहेबांना वऱ्हांड्यात अडवून सांगितलं, "सर, आपकी तुरपाई खुल गई है." साहेब तेव्हा हसले होते.

मग एका शनिवारी केसरबाई आल्या. रोज सकाळी गल्ली झाडणाऱ्या, नाल्या काढणाऱ्या. त्यांना सगळी कॉलनी 'जमादारनी' म्हणायची, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सुधाताईंनी त्यांना आपली खुर्ची दिली आणि वर्गाच्या माठातलं पाणी सगळ्यांच्याच पेल्यातून दिलं. केसरबाई बराच वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. मुलांनी बुहारी, म्हणजे त्यांचा झाडू, हाताळली, तळहातावरचे छाले, म्हणजे फोड, बघितले. एकाने विचारलं, "आपकी हाज़िरी कौन लेता है?" केसरबाई पहिल्यांदा हसल्या. "म्हारी भी लागै छै बेटा, थारै जियां," म्हणाल्या. आमची पण लागते, तुमच्यासारखीच. मग एका मुलीने विचारलं, नागा किया तो क्या होता है? न सांगता सुट्टी घेतली तर काय होतं? त्या दिवसाचा पगार कसा कापतात, ते त्यांनी सविस्तर सांगितलं.

सोमवारी आयांची रांग लागली. एक तर थरथरत होती. "हमारी बच्ची छत से पुकारती है, केसरबाईजी, नमस्ते! पूरे मोहल्ले के सामने!" तिची हरकत फक्त शब्दांना होती असं नाही. खुर्चीला होती, पेल्याला होती. तक्त्यावर अशाच सफाईवालीचं चित्र रंगवलेलं होतं आणि खाली 'हमारी मित्र' असं लिहिलं होतं, त्याला मात्र कुणाची हरकत नव्हती. साहेबांनी सुधाताईंना लेखी माफी मागायला सांगितलं आणि माझ्यापुढे एक निवेदन सरकवलं. बाईंनी परवानगी न घेता बाहेरची व्यक्ती वर्गात आणली, असं त्यात होतं. ते खोटं आहे हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी सही केली. नोकरीची गरज होती वगैरे सांगत बसत नाही... घाबरले, एवढंच.

सुधाताईंनी माफीच्या कागदावर शब्दांची यादी लिहून दिली. बुहारी, नाली, छाला, हाज़िरी, नागा... अठ्ठावीस शब्द. आणि खाली दोन ओळी : 'मुलांनी शनिवारी हे शब्द स्वतःच्या वाक्यात वापरले. यांतला कोणता परत घ्यायचा ते कळवावे.' सत्र संपायच्या आत त्यांना शाळा सोडावी लागली.

पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःच्या ओसरीवर वर्ग सुरू केला. सुरुवातीला पाच मुलं, त्यांतली एक केसरबाईंची नात. पुढे वीस झाली. थरथरणाऱ्या त्या आईने आपला धाकटा मुलगा गुपचूप तिथेच घातला, आणि सुधाताईंनी तिला पहिल्याच दिवशी माठातलं पाणी प्यायला लावलं. माझ्याशी त्या महिनाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस निरोप आला, शनिवारी पाहुणे आहेत, चहाचं बघशील का? चार वर्षं मी दर शनिवारी तिथे चहा केला. त्या सहीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही. त्या गेल्यावर आता ते कुणाला सांगायचं?

गेल्या सोमवारी मी साहेबांकडे गेले आणि मी सही केलेलं निवेदन खोटं होतं, परवानगी माझ्यासमोर दिली गेली होती, असं लिहून टेबलावर ठेवलं. "अब इसका क्या फायदा, बहनजी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अब वो खुद लड़ने नहीं आ सकतीं, इसलिए." माझी नोकरी राहते की जाते ते कळेलच. कळेल तेव्हा बघू.

शनिवारी ओसरीवर गेले. वर्ग बंद करायचा का, असं भावोजींनी, सुधाताईंच्या यजमानांनी, विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. पाहुणा बोलवायला मात्र मला सुचलंच नव्हतं. मुलं चटईवर बसून दाराकडे बघत होती. केसरबाई धाकट्या नातीला सोडायला आल्या होत्या, त्या पायरीशी थांबल्या. "आज कौन आया है?" एका मुलाने विचारलं. मी खुर्ची ओढली आणि मुलांसमोर बसले. "आज मैं आई हूँ," म्हटलं. नाव सांगितलं. मग एका कागदावर केलेली सही सांगितली. केसरबाईंच्या नातीने हात वर केला.

"झूठ था, तो आपने लिखा क्यों?"

"डर गई थी," मी म्हणाले.

केसरबाई पायरी चढून वर आल्या आणि मुलांच्या शेजारी चटईवर बसल्या. "पूरी बात बताओ," म्हणाल्या. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.