अवलंबून कोण?

फॉर्मवर 'अवलंबून' हा शब्द दिसला की मला साखर कारखान्यात पाक आटवून साखर काढणारा तो पॅनमन आठवतो. बाहत्तर साली मी राहुरीत आयकराचे फॉर्म भरून द्यायचो. तो आंधळ्या थोरल्या भावाला घेऊन आला होता.

मी रकाना मोठ्यानं वाचला, "तुमच्यावर अवलंबून कोण?"

त्यानं चटकन ओठांवर बोट ठेवलं आणि तेच बोट गुपचूप भावाकडं वळवलं. तोंडानं मात्र म्हणाला, "कोन न्हाई, सायेब. मीच दादांच्या जिवावर हाय."

मी जीभ चावली आणि मुकाट्यानं 'थोरला भाऊ' लिहिलं.

निघताना तो दारात थांबला. "दादा, पायऱ्या किती हुत्या वो?"

"तीन. ये, हात दे," थोरला ऐटीत म्हणाला आणि धाकट्याला जपून खाली घेऊन गेला.