हात वर दिसला की

नाना ड्रम वाजवताना ड्रमकडे कधी बघायचाच नाही. नजर कायम समोर, अंगावर ट्रक येत असल्यासारखी. मी वैतागून म्हणायचो, "अरे, जरा डोळे मिट, तल्लीन हो की!" तो म्हणायचा, "डोया मिटीसन कसं चालीन भो? समोर कोनी हात वर करा तं?"

नाना पारोळ्याचा, घरचाच लग्नाचा बँड. वयानं माझ्याएवढाच, पण थोराड चेहऱ्यामुळे सगळ्यांचा नाना. वडिलांनी त्याला एकच नियम घोटून शिकवला होता. वरातीसमोर कोणीही हात वर केला, की वाजवणं तिथल्या तिथे बंद. पुढे मयत असेल, दवाखाना असेल, कोणी पडलं असेल. कारण नंतर विचारायचं.

आम्ही चौघं. दोन गिटारवाले, गाणारा मी आणि नाना. जळगावबाहेर केळी पिकवायची एक बंद पडलेली खोली होती, दार इतकं जाड की आतला धिंगाणा बाहेर जात नसे. तिथे आम्ही घामाघूम होईस्तोवर वाजवायचो. नाना येताना भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणायचा. "माय म्हनस, रिकाम्या पोटे ठोकानं नही." सगळे जेवल्याशिवाय काड्या हातात घ्यायचा नाही.

पोस्टर नाही, परवानगी नाही. फोनवर निरोप जायचा आणि कुठल्यातरी गोदामात पोरं जमायची. हळूहळू पिंपळनेरपासून पोरं येऊ लागली. मग पुण्याचा एक आयोजक धुळ्याला आम्हाला ऐकायला आला. आवडलं तर पुण्यात मोठा कार्यक्रम. मला दुसरं काही सुचतच नव्हतं, आठ दिवस धड झोपलोही नव्हतो.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये शेवटचं गाणं रंगात आलं होतं. हॉल नुसता उसळत होता. आणि ड्रम थांबला. मी मागे वळलो. नानाच्या काड्या मांडीवर, नजर समोर. प्रकाश माझ्या डोळ्यांवर, मला समोरचं काही दिसेना. "वाजव!" मी ओरडलो. तो नुसता मान हलवत होता. माझं डोकं फिरलं. माइकवरच बोललो, "अरे ए बँडवाल्या, ही काय तुझी वरात आहे का?"

हॉल खो खो हसला. नाना नाही हसला. त्यानं समोर बोट दाखवलं. दिवे लागले, तेव्हा पुढचं रेलिंग आडवं झालेलं दिसलं. त्याखाली एक मुलगी चेंगरली होती आणि हॉलचा म्हातारा वॉचमन दोन्ही हात वर करून उभा होता. मुलगी वाचली. आयोजक जाता जाता म्हणाला, "गाणं मधेच तोडतो. ड्रमर बदला." आणि मी, नालायक, "हो" म्हणालो. नाना मागेच उभा होता.

पुढच्या तालमीला तो आला नाही. मी मशीनवर ताल लावला. भरीत नाही, भाकरी नाही, कोणाला कोणाशी बोलायला नको. महिन्याभरात गिटारवालेही गेले, पुणं तर राहिलंच.

मधे बरीच वर्षं गेली. गेल्या लगीनसराईत गावी आईच्या छातीत दुखू लागलं. तिला गाडीत घालून धुळ्याच्या दवाखान्यात निघालो, तर पारोळ्यात रस्ताभर वरात. हॉर्न कोण ऐकतो! उतरून धावलो आणि हात वर केला. पुरता वर जायच्या आत ढोल थांबला. गळ्यात ढोल, केस पिकलेले, समोर नाना.

तो गाडीपाशी आला. गाडीत डोकावला, "माय शे का?" म्हणाला आणि वळून गरजला, "बठ्ठा बाजूले व्हा रे!" घोड्यासकट नवरदेव कडेला गेला. मी काच खाली करून म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी..." त्यानं टपावर थाप मारली. "मंग बोलसूत. जाय पह्यले."

आरशात पाहिलं. आम्ही वळेपर्यंत तो वरात थोपवून हात वर करून उभा होता. मी रडत गाडी चालवत होतो.

आई आता बरी आहे. रविवारी तिला घेऊन पारोळ्याला जाणार आहे. एकट्यानं नानासमोर जायची हिंमत नाही माझ्यात.