गंगेचा गडू

सांगलीच्या इस्पितळात मी पाय मोडून पडलो होतो. डॉक्टर इंग्रजीत निदान सांगून बूट वाजवत निघून जात. मग मलमपट्टी करणारा एक ड्रेसर नातेवाइकांजवळ उकिडवा बसून तेच मराठीत सांगे. "ठावं न्हाई" हे शब्द त्या इमारतीत फक्त त्याच्याच तोंडी होते.

शेजारच्या खाटेवर कुंडलचा तरुण बैलगाडीवरून पडून बेशुद्ध होता. चौथ्या दिवशी त्याच्या आईनं आशा सोडली आणि शेवटचं पाणी पाजायला तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू फोडायला घेतला. ड्रेसरनं हात धरला.

"आवं मावशी, त्याला गिळता येत न्हाई. पानी छातीत जाईल. त्यापरीस बोला त्याच्याशी."

"ऐकतोय व्हय त्यो?"

"ठावं न्हाई. पर बोला."

"सर्जा वैरण खाईना," ती लेकावर खेकसली. "ऊठ की मुडद्या!"

रोज खेकसली. आठवड्यानं त्यानं डोळे उघडून पाणी मागितलं. ड्रेसरनं आधी चमचाभर साधं पाणी पाजून पाहिलं, मग स्वतःच गडू फोडला.