पंच्याहत्तर नंबरची करंगळी

ऑफिसच्या भिंतीवर आमच्या मॅनेजरचा हसरा फोटो लावलाय. लिफ्टमधून बाहेर पडलं की पहिला तोच दिसतो आणि माझी सकाळ नासते.

कोरमंगलातल्या या ऑफिसात आम्ही अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघाचं काम करत होतो. पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट बॉलचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. संघाला आपल्या जुन्या मानकऱ्यांचा ‘हॉल ऑफ फेम’ वेबसाइटवर मांडायचा होता. तिकडून जुने फोटो यायचे, ते साफ करून आम्ही खाली माहिती लिहायची. आमच्यापैकी एकानेही तो खेळ कधी धड पाहिला नव्हता. हेल्मेटच्या जाळीमागे चेहरा कुठला दिसायला! म्हणून मॅनेजरने नियम काढला होता: जर्सीवरचा नंबर बघा, यादीतलं नाव लावा, पुढे चला.

अक्का मात्र पुढे चालायच्या नाहीत. त्या याच शहरातल्या जयनगरच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. वडिलांच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो दुरुस्त करत वाढलेल्या. फोटो त्या तपासायच्या, मजकूर मी, नागपूरहून आलेली, लिहायची.

एका दुपारी पंच्याहत्तर नंबरच्या मानकऱ्यापाशी त्या अडल्या. हा गडी पुढच्या फळीतला. बॉल याच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही. समोरचे धक्के याने खायचे आणि मागच्याने निवांत बॉल फेकून टाळ्या घ्यायच्या.

“हा तो नव्हे गं,” अक्का म्हणाल्या. “ग्रुप फोटोत बघ, हेल्मेट नाही, चेहरा दिसतोय, करंगळी वाकडी. इथे सरळ. तारीख बघ, हा फोटो नंतरचा. मोडलेलं बोट असं सरळ होतं काय?”

मॅनेजर हसला. “अक्का, उँगली कौन देखता है? नंबर वही है ना? डाल दो.”

फोटो वेबसाइटवर चढला. आठवड्याने त्या मानकऱ्याच्या मुलीचं पत्र आलं: हे माझे वडील नाहीत. ते वारले होते, आणि मुलांना दाखवायला त्यांचा खेळतानाचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. ती या पानाची वाट बघत बसली होती. तोच नंबर नंतर दुसऱ्या खेळाडूला दिला होता, असं तिनेच कळवलं.

संध्याकाळच्या कॉलवर मॅनेजरने अमेरिकेला सांगितलं, तपासणाऱ्या बाईंची चूक झाली. बाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “स्वल्प, थोडं गप्प राहा. आधी त्या मुलीचा बाप शोधू.”

दोन दिवस डबा खातानाही त्या करंगळ्याच बघत होत्या. शेवटी बाद केलेल्या फोटोंत एक सापडला. चिखलाने नंबर पार झाकलेला, म्हणून नियमाप्रमाणे टाकून दिलेला. दोन्ही हात जमिनीला टेकलेले आणि उजवी करंगळी वाकडी. तो पाठवल्यावर मुलीने उलट टपाली लिहिलं, ज्यांनी माझे वडील शोधले त्यांना माझे आभार सांगा.

मॅनेजरने ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं, आणि आभार स्वतःच घेतले. वरच्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ऑफिसातही एक ‘हॉल ऑफ फेम’ सुरू केला. पहिला मानकरी कोण, हे सांगायला नको. अक्काही टाळ्या वाजवत होत्या. मला त्यांचासुद्धा राग आला.

कार्यक्रम संपल्यावर त्या भिंतीपाशी गेल्या. चष्मा वर करून फोटोखालच्या चार ओळी त्यांनी सावकाश वाचल्या: चिकाटी, बारीक नजर, चुकीची जबाबदारी घेण्याचं धैर्य.

“छान लिहिलंयस गं,” त्या म्हणाल्या.

मॅनेजरने मागितल्यावर मी त्या ओळी दहा मिनिटांत लिहून दिल्या होत्या.