बशीतली सकाळ

माझी भाची मृणाल वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करते. परवा तिने मला काचेची एक बशी दाखवली. तळाशी हिरवट साय धरल्यासारखं काहीतरी होतं.

"पानाच्या पेशी आहेत, मामा. पान कधीच गेलं, या इथेच वाढल्या."

खोलीला खिडकी नव्हती आणि दिवा गेले चार दिवस सारखाच जळत होता. तरी संगणकाच्या पडद्यावर त्या पेशींच्या कामाची रेघ रोज पहाटे चढत होती आणि संध्याकाळी उतरत होती.

"ऊनच दिसत नाही, मग यांना सकाळ झाल्याचं कळतं कसं?"

"कळायला कशाला हवं? ती त्यांच्या अंगातच असते. ऊन यायच्या आधीच तयारीला लागतात."

मला एकदम हसू आलं. शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, तरी रोज दहाला मी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून तयार असतो. जायचं कुठेच नसतं. बायको विचारते, "आज कुठे स्वारी?" आणि मी ओशाळून पेपर उघडतो. बशीतल्या त्या चिमूटभर हिरव्याला मात्र कसलीच लाज नव्हती. झाड नाही, ऊन नाही, तरी तयारी चोख!

काल दहाला मी बटणं लावत होतो. बायकोने विचारलंच, "आज कुठे स्वारी?"

"कुठे नाही. सकाळ झालीय म्हणून."



"मग थांबा," ती म्हणाली, "मीही चांगली साडी नेसते."